अक्षयाची मधली जागा

सात वर्षांची असताना अक्षयाने एका सामन्यात पाच गोल केले. सहाव्याला निघाली तेव्हा रेफरीने तिला हळूच सांगितलं, आता जरा मैत्रिणींनाही पास दे. ही गोष्ट मी तिच्या आईकडून, अर्चनाकडून, इतक्यांदा ऐकली आहे की मी स्वतः तिथे होते असंच वाटतं. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये आमची घरं समोरासमोर. अक्षयाचे बाबा रघुवीर पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आले, तेव्हा त्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण दर रविवारी तिला गाडीत घालून ते कुठल्या कुठल्या गावांतल्या मैदानांवर न्यायचे. चिखलात उभं राहून राहून ऑफसाइड म्हणजे काय ते शिकले.

ती स्ट्रायकर होती. अंगाने लहानखुरी, पाच फूट तीन इंच, पण गोलसमोर बॉल आला की तिला विचार करावा लागायचा नाही. फिजिओथेरपी शिकायला ती लीड्सला गेली आणि पहिल्याच वर्षी युनिव्हर्सिटीच्या टीमसाठी तिने सतरा गोल केले. त्याच उन्हाळ्यात इंग्लंडच्या मुलींनी युरो कप जिंकला. अक्षयाने पहिल्यांदाच घरी बोलून दाखवलं, "मला क्लबमध्ये खेळायचंय. प्रॉपर क्लबमध्ये."

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला टीमची सेंटर बॅक, म्हणजे बचावफळीत मधोमध उभी राहणारी मुलगी, प्लेसमेंटसाठी दुसऱ्या शहरात गेली. कोच फियोनाने अक्षयाला बाजूला घेतलं. तू वेगवान आहेस, तुला खेळ वाचता येतो, ख्रिसमसपर्यंत मागे खेळशील का?

त्या संध्याकाळी तिने घरी फोन केला. रघुवीरनी स्पीकर लावला होता. मी त्यांच्याकडेच चहाला बसले होते.

"बाबा, ती जागा माझा नाहीये," अक्षया म्हणाली. मराठी बोलताना तिचं हे असं नेहमीच व्हायचं.

"अगं, कोच म्हणतात तर ऐकावं. व्हिसावर होतो तेव्हा मी कुठल्याच कामाला नाही म्हटलं नाही. नाही म्हणणारा माणूस लक्षात राहतो."

"पण मी व्हिसावर नाहीये."

रघुवीर हसले. अर्चना हसली, मीही हसले. मग अक्षया म्हणाली, "ओके."

ख्रिसमस आला आणि गेला. अक्षया मागे इतकी चांगली खेळायला लागली होती की तिला तिथून हलवायचं कुणाच्या मनातच येईना. समोरची मुलगी कुठे वळणार हे तिला आधीच कळायचं, कारण ती स्वतः तिथेच वळली असती. टीम वरच्या डिव्हिजनमध्ये गेली. वर्षअखेरीच्या डिनरला तिला 'प्लेअर ऑफ द इयर'चा कप मिळाला. रघुवीरनी त्याचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. वर्षभरात तिने एकही गोल केला नव्हता, याबद्दल कुणी विचारलं नाही.

तिसऱ्या वर्षी, मार्चमध्ये, एका क्लबची बाई खेळाडू शोधायला सामना बघायला येणार असं कळलं. त्यांना फॉरवर्ड, म्हणजे पुढे राहून गोल करणारी मुलगी, हवी होती. अक्षयाने आयुष्यात पहिल्यांदा कोचकडे काही मागितलं: या सामन्यात मला पुढे खेळू दे. फियोना लगेच तयार झाली. म्हणाली, "तेवढं तर मी तुझं देणं लागतेच."

रघुवीर रजा टाकून एम-वन हायवेने गाडी चालवत लीड्सला गेले. पुढचं सगळं त्यांनीच मला सांगितलं, तेही कितीतरी महिन्यांनी.

विसाव्या मिनिटाला अक्षयाला मोकळा बॉल मिळाला. समोर फक्त गोलकीपर. आणि तिने मागे वळून पाहिलं. कोण कुठे उभं आहे, कोण मोकळं सुटलंय, हे बघायची दीड वर्षाची सवय. तेवढ्यात बॉल गेला. दुसऱ्यांदा तिने वळून पाहिलं नाही, पण शॉट मारायच्या ऐवजी बाजूच्या मुलीला पास दिला. तिसरा बॉल बारच्या बराच वरून गेला. सत्तराव्या मिनिटाला क्लबची बाई वही मिटून पार्किंगकडे निघाली.

फियोना तिच्या मागे धावत गेली. ही खरं तर सेंटर बॅक आहे, माझ्याकडे आजवर खेळलेली सर्वांत चांगली, तिला तिथे बघा. बाई सौम्यपणे म्हणाली, "आमच्या लेव्हलला त्या जागेवर उंची लागते."

गाडीत बसल्यावर अक्षया नडगीवरच्या शिनगार्डचे पट्टे सोडत राहिली. सुटले तरी बोटं थांबेनात.

"मीच सांगितलं होतं तुला," रघुवीर म्हणाले.

"तुझी चूक नाहीये, बाबा." आणि मग, खिडकीकडे बघत, "आधी मला विचार करावा लागायचा नाही. आज मी सगळा वेळ विचारच करत होते."

गाडी तशीच उभी होती. रघुवीरनी विचारलं, काही खाऊया का? ती नको म्हणाली.

त्यानंतर उरलेले तीन सामने ती मागेच खेळली, आणि चांगली खेळली. आता ती लीड्समध्येच एका हॉस्पिटलात फिजिओ आहे. दिवसभर लोकांचे गुडघे आणि खांदे. काम चोख करते म्हणे. तिच्या वॉर्डातल्या एका नर्सने मागच्या शरद ऋतूत तिला शनिवारच्या पार्कातल्या लीगमध्ये नेलं. तिथल्या कॅप्टनने विचारलं, कुठे खेळतेस?

"कुठेही," अक्षया म्हणाली.

त्यांनी तिला मागे उभं केलं. हाफटाइमला तिने पाणी प्यायलं, बॅग उचलली आणि बसस्टॉपवर जाऊन बसली. पुढच्या शनिवारी नर्सने फोन केला तेव्हा तिने उचलला नाही.

हे सांगताना अर्चना रडली. रघुवीर शेजारीच बसले होते. ते उठून आत गेले आणि मी निघेपर्यंत बाहेर आले नाहीत.