तिसऱ्या मजल्यासाठी एक डोंगर

आईनं पैज लावली ती भांडी घासता घासता. माझ्या बाळंतपणासाठी तीन महिने म्हणून ती पुण्याहून कॅनबेराला आली आणि कोविडमुळे विमानंच बंद झाली. दुसरं लॉकडाऊन उठून विमानं परत सुरू व्हायची बातमी आली, तोवर माझा मुलगा घरभर धावायला लागला होता. मी आणि नवऱ्यानं ठरवून टाकलं होतं की आईला आता परत पाठवायचं नाही. बाबा गेल्यापासून ती एकटी, पुण्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि डावा गुडघा सदा कुरकुरणारा.

"रोज तीन मजले कशी चढणार आहेस?" मी विचारलं.

"तीन मजल्यांचं काय घेऊन बसलीस? हा समोरचा डोंगर चढून दाखवते. चढले, तर माझं तिकीट काढायचं. नाही चढले, तर इथंच राहीन, पुण्याचं नाव काढणार नाही."

मी लगेच हो म्हटलं. गुंगालिन ह्या उपनगरातल्या आमच्या बाल्कनीतून तो डोंगर रोज दिसायचा. मी एकदा तो चढले होते आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कण्हत होते. शिवाय मला ती हवी होती. घरून काम आणि तान्हं मूल हे सगळं मी निभावलं असं मित्रमंडळी म्हणत. निभावलं होतं तिनं. ती गेली तर आपलं कसं होणार, ह्याची मला सरळसरळ भीती वाटत होती.

शनिवारी मुलाला नवऱ्याकडे सोपवून आम्ही निघालो. आईच्या अंगात पंजाबी ड्रेस, पायात माझे जुने शूज, डोक्याला रुमाल. पाणी माझ्याकडे, खाऊ तिच्याकडे असं ठरलं होतं. पायथ्याशी बघते तर तिच्या पिशवीत फक्त मास्क आणि थोडी सुटी नाणी.

"खायचं कुठंय?"

"वर दही, ताक, भजी, काहीतरी मिळेलच की!"

जन्मभर शाळेच्या सहली गडावर नेलेली बाई ही. डोंगर म्हटला की वर ताकवाली बसलेली असणारच, अशी तिची खात्री. इथं वर विमानांसाठीचं रडार आहे आणि माशा आहेत, असं मी सांगितलं. "मग उपाशी चढू," ती म्हणाली आणि चालायला लागली.

पहिला चढ तिनं गप्पा मारत संपवला. इथं वाटेत भेटणारा प्रत्येक जण "हाउ यू गोइंग?" म्हणतो आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातो. आई प्रत्येकाला थांबवून सविस्तर उत्तर द्यायची. काठी टेकत उतरणाऱ्या एका आजोबांना तिनं माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "माय डॉटर थिंक्स आय कॅनॉट."

"शेम ऑन यू, मेट!" आजोबा मला म्हणाले आणि हसत खाली गेले.

मग खडकाळ वाट सुरू झाली. तिथं ती मटकन बसली. गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरलेला, चेहरा लालबुंद. मी अगदी गोड आवाजात म्हटलं, "आई, पुरे आता. इथवर आलीस हेच खूप झालं."

ती भडकलीच. "खूप झालं? तुझं बाळंतपण मी अर्ध्यावर सोडलं होतं का?" घोटभर पाणी पिऊन ती जरा निवळली. "तुझं घर चांगलं आहे. जावई लाखात एक. पण इथं मी उठल्यापासून तुम्हा सगळ्यांच्या वेळा सांभाळते गं. मला माझ्या घरात, माझ्या वेळेला चहा प्यायचाय."

मी हात पुढे केला. तिनं तो घेतला नाही. दगडांना धरत, वाकून, एका जागी तर चक्क रांगत ती चढायला लागली. आणि माझं काय झालं कोण जाणे, मी कुणाच्या बाजूची आहे हेच विसरले. "डावा पाय तिथं ठेव! अगं, तिथं नको! शाब्बास!" मी मागून ओरडत होते.

वर पोचल्यावर आई कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभी राहिली. "कितवा मजला गं हा?" तिनं विचारलं. मी तिला घट्ट मिठी मारली, रडले, आणि तिथं फोटो काढत असलेल्या अनोळखी लोकांना ओरडून सांगितलं की ही माझी आई आहे आणि ही चढली. त्यांनी टाळ्या वाजवल्या. पैज हरल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

"घरी गेल्यावर तिकीट बघू," मी म्हटलं.

"खाली उतरलीस की तुला शंभर शंका सुचतील. इथंच काढ."

तिथंच एका दगडावर बसून मी फोनवर तिची माहिती भरू लागले. आई-वडिलांच्या तिकिटावर आम्ही परदेशातली मुलं विमानतळावरची व्हीलचेअर हमखास मागतो. पाय धडधाकट असले तरी. म्हणजे रांगा नकोत, इंग्रजी बोलायला नको, कुणीतरी थेट विमानाच्या दारापर्यंत नेऊन सोडतं. येताना तीही अशीच मांडीवर पर्स धरून, ढकललेल्या खुर्चीतून बाहेर आली होती. सवयीनं मी व्हीलचेअरच्या चौकटीत खूण केली.

आई माझ्या खांद्यावरून बघत होती.

"ती खूण काढ," ती म्हणाली.

मी काढली.