म्हसोबाच्या बांगड्या

“म्हसोबाला बांगड्या? साधना, तुझं डोकं ठिकाणावर हाय का?”

“मी नाही घातल्या, भावजी. होत्याच. तुमच्या पंपानं फक्त उघड्या पडल्या.”

हे वाक्य भैरूभाऊंना झोंबलं, कारण ते खरं होतं. सकाळी अंगणात नवी गाडी धुताना त्यांनी पाण्याचा फवारा जरा तिरका धरला, तो कोपऱ्यातल्या म्हसोबाला लागला, आणि देवाच्या अंगावरचं दोन बोटं जाड शेंदराचं कवच लादी निखळावी तसं खाली आलं. आतून काळा दगड निघाला. दगडात कोरलेला खांब, खांबातून बाहेर आलेला कोपरात वाकलेला हात, पंजा उघडा, आणि त्या हातात ओळीनं बांगड्या. वर एका बाजूला सूर्य, एका बाजूला चंद्रकोर.

“कडं आसंल ते,” भैरूभाऊ म्हणाले. “पुरुषबी कडं घालतो.”

“सात?”

भैरूभाऊंनी धाकट्या भावाकडे बघितलं. शेखर चाकणहून फर्स्ट शिफ्ट करून नुकताच आला होता. खांद्यावरची डब्याची पिशवी त्यानं अजून उतरवली नव्हती. भाऊ आणि बायको यांच्यामध्ये उभं राहायची वेळ आली की तो पिशवी खाली ठेवत नसे.

“मॅटर नक्की काय आहे?” त्यानं विचारलं.

“तुझी बायकू म्हनती, आपला म्हसोबा बाई हाय.”

साधना सेहेचाळीस वर्षांची होती आणि मुक्त विद्यापीठात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. दर रविवारी रहाटणीहून आकुर्डीला अभ्यास केंद्रावर जायची. घरात या शिक्षणाला ‘साधनाचं ते’ म्हणत. पहिल्या वर्षी त्याचा कुणाला त्रास झाला नाही. दुसऱ्या वर्षी प्राचीन संस्कृती हा विषय आला आणि घरातल्या वस्तू तिच्याकडे बघायला लागल्या.

उंबरा ही दोन जगांमधली सीमा असते, असं पुस्तकात होतं. या घरातला उंबरा म्हणजे मोबाईल बघत येणारी लेक सायली जिथे रोज ठेचकाळते ती जागा. तरी भाकरी थापताना साधना त्याच्याकडे बघत राही. सासूबाईंनी, म्हणजे आक्काबाईंनी, पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत स्वतःच्या शेवटच्या दिवसासाठी कोरं पातळ, चंदनाचा तुकडा आणि गंगेच्या पाण्याची सीलबंद लोटी ठेवली होती. इजिप्तचे राजे याहून वेगळं काय करत होते? त्यांना पेटी मोठी लागली, एवढंच. खंडेनवमीला शेखरच्या कंपनीत प्रेस मशिनला झेंडूची माळ घालून हळदकुंकू लावतात, त्याचा अर्थ काय असेल, असं तिनं एकदा जेवताना विचारलं होतं.

“त्या दिवशी मशिन बंद असते, बोटं शाबूत राहतात. हाच अर्थ,” शेखर म्हणाला आणि आमटी मागितली.

सोमवारी तिला प्रकल्प द्यायचा होता: ‘माझ्या परिसरातील एक प्राचीन प्रतीक’. आठ पानं पत्र्याच्या पेटीवर लिहून झाली होती. आता ती फाडावी लागणार होती. पण साधना अंगणात उभी होती ती प्रकल्पासाठी नाही.

म्हसोबा कडक होता. त्याला बाईचा स्पर्श चालत नसे. दर अमावस्येला पुरुष अंघोळ करून, उघड्या अंगानं, शेंदूर-तेल लावत. बायका लांबून हात जोडत. आणि महिन्याच्या त्या चार दिवसांत तर घरातल्या बाईनं त्याच्या नजरेलाही पडायचं नसे. मग पुढचं दार बंद. मोरीच्या दारानं बाहेर पडायचं, भाडेकरूंच्या संडासांच्या रांगेमागून बोळातून जायचं आणि रस्त्याला लागायचं. लग्न होऊन चोवीस वर्षं झाली. बोळातल्या फरशा कुठे हलतात हे साधनेला पाठ होतं. आता सायली कॉलेजला जायची तीही, त्या दिवसांत, स्कूटी आदल्या संध्याकाळी रस्त्यावर लावून. बोळातल्या भाडेकरूंना ती दिसली की तारीख कळे.

“हा सतीचा दगड आहे,” साधना म्हणाली. “नवरा मेला की त्याच्या चितेवर बायकोला जाळायचे आणि मग गावात असा दगड उभा करायचे. पुस्तकात फोटो आहे. हात, बांगड्या, सूर्य, चंद्र. सगळं तेच.”

“पुस्तकवाले आले व्हते का हितं?” भैरूभाऊ म्हणाले. “रविवारी अमुश्या. भावकीची चाळीस मानसं येनार, बकरं सांगितलंय. त्यांना काय सांगू, म्हसोबाची बदली झाली? उद्या सकाळी दोन किलो शेंदूर आनतो आन् लिंपून टाकतो. इषय मिटला.”

“हिला घेऊन एकदा फोटोशी ताडून बघ की, दादा,” असं शेखरला म्हणायचं होतं का, ते कळायला मार्ग नाही. “लिंपलं तर प्रॉब्लेम नाही तसा,” असं तो म्हणाला.

“म्हणजे इतकी वर्षं,” दारातून सायली म्हणाली, “तुम्ही सगळे पुरुष शर्ट काढून एका बाईसमोर उभे राहत होता?”

“ए पोरी, आत हो!”

“आत कुठून होऊ? पुढून का बोळातून?”

भैरूभाऊंनी पंपाची नळी गुंडाळायला घेतली. ती आधीच गुंडाळलेली होती.

एवढा वेळ आक्काबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि अंगण ओलांडून दगडापाशी गेल्या. साठ वर्षांत त्या तिथवर गेल्या नव्हत्या. कुणी अडवायच्या आत त्यांनी चष्मा वर केला आणि दगडातल्या एकेका बांगडीवर बोट ठेवलं.

“आई, शिवू नगं!” भैरूभाऊ ओरडले.

“शिवले.” आक्काबाईंनी बोट पदराला पुसलं. “सातच हायती. साधने, हिच्या फोडल्या न्हाईत का?”

“नाही, आत्या. ती नवऱ्याबरोबर गेली ना. म्हणून बांगड्या तशाच. सौभाग्य शाबूत आहे, असा त्याचा अर्थ.”

आक्काबाईंनी स्वतःच्या मनगटांकडे बघितलं नाही. साधनेचे मामंजी गेले तेव्हा आक्काबाईंच्या बांगड्या याच घरात फोडल्या होत्या. म्हसोबाच्या समोर नको म्हणून त्यांना मागं, मोरीपाशी नेलं होतं.

“आन् हात असा कशापायी दावती?”

“आशीर्वाद देते, असं पुस्तकात आहे.”

“लिवनारा बाप्या आसंल,” आक्काबाई म्हणाल्या. “आशीर्वाद देनारी बाई हात डोक्यावर ठिवती.”

साधनेनं दगडाकडे पुन्हा बघितलं. पुस्तकातल्या फोटोत ते कधी दिसलं नव्हतं. वाकलेलं कोपर, उघडा पंजा. काळेवाडीच्या थांब्यावर बाई येणाऱ्या बसला असाच हात दाखवते. बस थांबली नव्हती, एवढं दगडावरून कळत होतं.

“तरी बी,” भैरूभाऊ जरा खालच्या आवाजात म्हणाले, “देव हाय तो. आमच्या बापजाद्यांनी पुजलाय.”

“पुजा की,” आक्काबाई म्हणाल्या. “आमी कुठं न्हाई म्हनतोय. पर मला बोळातनं कुनी धाडली, ते सांगा. बाईला बाईचा इटाळ कवापास्नं व्हायला लागला?”

शेखरनं खांद्यावरची पिशवी काढून ओट्यावर ठेवली.

साधना आत गेली. मोरीच्या दाराला आतून कडी घातली, कडीत सायलीच्या जुन्या सायकलचं कुलूप अडकवलं आणि किल्ली कमरेला खोचून बाहेर आली. बालदीभर पाणी आणलं होतं ते दगडावर ओतलं. चंद्रकोरीत अडकलेला शेंदूर अंगठ्यानं काढला. मग ओल्या हातांनीच सगळ्यांकडे वळून, उद्या नळाला पाणी येणार नाही हे सांगावं तशा आवाजात तिनं सांगितलं,

“हिला शेंदूर लावायचा नाही. मी आणि सायली उद्यापासून पुढच्या दारानं जाणार, महिन्याचे तीसही दिवस. आणि रविवारी बकरं शिजणार नाही. चाळीस माणसांना वरण-भात आहे.”