सुनेनं थांबवलेला स्लॅब

माझी सून सिव्हिल इंजिनिअर आहे. चितेगावला एका कारखान्याच्या कामावर तिनं भरता स्लॅब थांबवला, कारण मजुरांनी काँक्रीटच्या मालात जास्तीचं पाणी ओतलं होतं. माल पातळ झाला की पसरायला सोपा जातो, पण स्लॅब कच्चा राहतो. चौथी शिकलेल्या मलाही ते कळतं. माझी अर्धी हयात बांधकामावर गेली.

संध्याकाळी ठेकेदार घरी आला, तेही तिच्याशी नाही, माझ्याशी बोलायला.

"मावशी, सुनंला ऑफिसात बसवा. साईट ही काय बायांची जागा नाय."

मी म्हटलं, "पोटुशी असताना मी डोक्यावर घमेलं घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढत होते. तवा तुमच्यासारखं कुणी सांगाया आलं नाय."

"ते येगळं. ती मजुरी झाली."

"म्हंजी बाईनं वझं उचललं तर चालतं. 'थांबा' म्हणली की लई टोचतं, व्हय ना?"

मी सुनेला बाहेर बोलावलं, त्याच्यासमोर खुर्ची दिली आणि म्हटलं, "आता काय ते हिच्याशी बोला."

ती म्हणाली, "उद्या पाणी माझ्यासमोर मोजून घालायचं. नाहीतर उद्याही स्लॅब बंद."