कांजण्यांची खोली

लग्नाला जेमतेम दोन आठवडे झाले आणि मला नि नवऱ्याला एकाच दिवशी कांजण्या उठल्या. लहानपणी दोघांनाही आल्या नव्हत्या. मांडवात एक अंग तापलेली भाची आळीपाळीने आमच्या मांडीवर बसली होती, तिचा हा आहेर.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझं माहेर धरमतरच्या खाडीकाठचं, मिठागरात राबणारं. सासर रोह्याजवळच्या गावात, भात आणि वालाची शेती. हे जवळच्या कंपनीत शिफ्टला जायचे. घर माणसांनी इतकं गच्च की आमचं एकमेकांशी धड बोलणंही झालं नव्हतं. आता सासूबाईंनी आम्हाला मागच्या खोलीत घातलं, दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला आणि सगळ्यांना तंबी दिली, "आत कुणी जायाचं नाय." दार लागलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि भर तापात हसत सुटलो.

ह्यांना टाळूपासून तळव्यापर्यंत फोड. मला मात्र पाठीवर, हातावर तुरळक. मी ह्यांना गुलाबी लोशन लावायची. ठिपके जोडून पोटावर होडी काढायची. हसलं की खाज सुटायची, खाज सुटली की आणखी हसू.

आई वडखळला गाडी बदलून शहाळी घेऊन आली. खिडकीतून जावयाला पाहिलं, मला पाहिलं आणि ओटीवर बसून म्हणाली, "आमचं रगत खाडीचं, विहीणबाई. खारं. त्यात रोग टिकत नाय."

"मग आमचं काय अळणी हाय?" सासूबाईंनी विचारलं.

आम्ही आत उशीत तोंड खुपसून हसत होतो. तेवढ्यात डॉक्टर आले. दोघींनी त्यांनाच न्याय मागितला.

"विषाणू एकच," ते म्हणाले, "पण त्याच्याशी झुंजायची रीत नाका-डोळ्यांसारखी थोडीफार वाडवडिलांकडून येते. कुणाचं शरीर लवकर जागं होतं, कुणाचं उशिरा जागं होऊन धुमाकूळ घालतं. म्हणून खाडी जिंकली असं नाही. सख्ख्या भावांतही फरक पडतो."

आईने 'वाडवडील' एवढंच ऐकलं आणि खुशीत घरी परतली.

तिच्या त्या खाऱ्या रक्ताने मला अडचणीत आणलं. माझ्या खपल्या आधी पडल्या. डॉक्टर म्हणाले, "सूनबाई आता बाहेर आल्या तरी चालेल."

"अजून खाजतंय," मी घाईने म्हणाले.

त्यांनी माझा हात उलटसुलट करून पाहिला. त्यावर काहीच नव्हतं. मग ह्यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीकडे तोंड करून हसू दाबत गदगदत होते.

"राहू द्या मग," डॉक्टर सासूबाईंना म्हणाले, "ह्यांच्याही खपल्या पडेपर्यंत."

दुपारी दारातून एकच ताट आत सरकलं, दोघांचा भात वाढलेलं. "भांडी कमी पडतात," बाहेरून सासूबाईंचा आवाज आला.