गट नंबरातली तिरकी रेघ

दिवाळीला गावी आले तर काकानं धरून वारंगा फाट्यावरच्या ऑनलाइन सेंटरवर नेलं. विहिरीच्या अनुदानाच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता, आणि पोरगी पुण्यात कॉम्प्युटरचंच काम करते यावर त्याची सगळी भिस्त.

सेंटरवाल्यानं गट नंबर टाकला, ११४/२. खाली लाल अक्षरं उमटली, ‘फक्त अंक भरा’. ती ओळ मी लिहिली होती; अर्जाचं हे पान आमच्याच ऑफिसात बनलेलं. चाचणीत लोक त्या रकान्यात काहीही भरायचे, गावाचं नाव काय, ‘नाल्याजवळचं शेत’ काय. वैतागून मी नियम घातला: शून्य ते नऊ, बाकी एक चिन्ह आत घ्यायचं नाही. दोन मिनिटांचं काम. साहेबांनी शाबासकी दिली, मीही शेफारले. भाऊ वेगळे झाले की गट नंबरात तिरकी रेघ येते, हे आमच्याच घरात घडलेलं, तरी आठवू नये? अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

हे ज्यानं बनवलं त्यानं जन्मात सातबारा पाहिला नसंल, असं सेंटरवाला म्हणाला. नुसतं ११४ टाकू का, त्यानं विचारलं. काकानं हात आडवा धरला. मागल्या वर्षी तसंच केलं होतं, आणि सातबाऱ्याशी जुळेना म्हणून अर्ज बाद झाला. म्हणजे तेही पाप माझंच. रेघ गाळून ११४२ टाकावं, तर ते भलत्याचंच रान.

बाहेर येऊन ऑफिसातल्या एकाला फोन लावला. सुट्टी आहे, म्हणाला. बदल करायचा तर आधी मंजुरी, मग तपासणी, आठ दिवस तरी धर. माझाच नियम मला मोडता येईना. आत काका वाट बघत बसलेला, आणि मी बाहेर हातात फोन घेऊन उभी.

शेवटी आत जाऊन सांगून टाकलं, काका, हे मीच बनवलंय.

तो चार शिव्या देता तर बरं झालं असतं. सातबाऱ्याची घडी घालत राहिला. मग हळूच म्हणाला, “वाटणीत हिरीकडलं रान तुज्या बापाला गेलं, मी कायबी बोललो न्हाई. माज्या वाट्याला ही रेघ आली. ती बी तुमाला चालंना, व्हय गं माय?”