आक्काची पोपटी आणि चोपन्न पायऱ्या

दुकानातला माल संपला की मागवावा लागतो. घरातले किस्से मात्र ऑर्डर न देताच येऊन पडतात, आणि रिटर्न कोणी घेत नाही!

माझं ठाण्याला, खोपटला दोरखंड-ताडपत्रीचं दुकान. शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. माणूस पायरी चढून आत आला की मी ओळखतो, ह्याला दोरी झोपाळ्याला पाहिजे की टेम्पोला. पण घरच्या माणसांचा अंदाज मला आजवर आलेला नाही. त्यातही माझी मोठी बहीण, आक्का, हिचा तर नाहीच नाही. गेल्या नाताळच्या सुट्टीत तिने जे केलं ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगून झालंय. तुम्हीच तेवढे राहिलेले.

आम्ही आगरी. गाव डोंबिवलीला, खाडीकाठी. गाव म्हणायचं आपलं. जिथे आमच्या बापाने भात लावला तिथे आता बिल्डिंगी आहेत. त्यातल्याच एकीत तिसऱ्या मजल्यावर आक्का राहते. एकटी. पस्तीस वर्षं तिने डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकली, त्याची किंमत उजव्या गुडघ्याने मोजली. गणपतीनंतर ऑपरेशन झालं, नवा गुडघा बसला. डॉक्टर खूश. आक्का पण खूश. आणि घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात जिन्याच्या पहिल्याच वळणावर पाय सटकला! तिथला कठडा कधीचा तुटलेला. लागलं काही नाही, पण भीती बसली. त्यानंतर आक्का खाली उतरलीच नाही.

बिल्डिंगला लिफ्ट नाही. पायऱ्या चोपन्न.

*

आक्काचा मुलगा नितीन टिटवाळ्याला राहतो. नवीन टॉवर, लिफ्ट, खाली गार्डन. गुणी पोरगा, पण एकदा डोक्यात आलं की आलं. आईला तिकडेच न्यायचं आणि हा फ्लॅट काढून टाकायचा, असं त्याने ठरवून टाकलेलं. दिवाळीत तो मोबाइलवर लिफ्टचा व्हिडिओ घेऊन आलेला.

"आई, बघ. बटण दाबलं की वर."

"आनि लाईट गेली तं?"

"जनरेटर आहे ना."

"त्यो बंद पडला तं?"

"मग जिना आहे."

"मंग जिना इथं पन हाय की रं!"

नितीन माझ्याकडे बघायला लागला. मी ताडपत्रीचा माणूस, मी कशाला मध्ये पडू?

तेव्हाच आक्काने पैज लावली. "नाताळची सुट्टी लागली का समदी जमा हितं. मी खाली उतरून पोपटी लावनार. उतरले तं मी हितंच मरेपरेंत. नाय उतरले तं गपचूप तुज्या लिफ्टमदी बसतंय. बाला, तू साक्षीला!"

बाला म्हणजे मी. अठ्ठावन्न वर्षांचा बाळ.

*

पोपटी माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्डीचा, म्हणजे उग्र वासाच्या रानटी झुडपाचा, पाला घालायचा. त्यावर शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, ओवा, जाडं मीठ. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा नाही. तोंड पाल्यानेच बंद करायचं, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. आमच्या घरात मडकं भरायचा आणि "झाली" म्हणून सांगायचा मान थोरल्या बाईचा. आई गेल्यापासून तो आक्काचा. तिच्याशिवाय मडक्याला कोणी हात लावत नाही. मी एकदा लावलेला. त्या वर्षी आम्ही हॉटेलात जेवलो!

*

गुडघ्याचा व्यायाम करून घ्यायला कल्याणहून एक मॅडम यायच्या. पंचविशीतली पोरगी, हुशार, बोलायला गोड. पहिल्या दिवशी मी तिथेच होतो.

"आजी, पाय वर, खाली. वीस वेळा करायचं."

"धा."

"अहो आजी, वीस."

"बरं, बारा घे."

"पंधरा तरी करा ना, प्लीज!"

"सकालची येल हाय, जास्ती घासाघीस नको. बारा. घ्यायचं तं घे, नायतं फुडं जा!"

मॅडमनी बारा कबूल केले. आक्काने एक-एक मोजून बारा केले, श्वास घेतला, दात आवळले आणि तेरावा केला.

"ही माज्याकडनं!"

मासळीवालीची सवय. भाव तुटला की जाता जाता एक बोंबील स्वतःहून टाकायचा. तेव्हापासून मॅडम मुद्दाम आठ जास्तीचे सांगायच्या. पोरगी दुकानदारीत माझ्यापुढे जाईल!

मॅडमनी जिन्याचा एक नियम शिकवलेला. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. आक्का तो दिवसभर पुटपुटायची, मंत्रासारखा.

*

डिसेंबर लागला तसा आक्काचा दुकानात फोन आला. "बाला, चांगला जाड दोर आन. बोटी बांधतात तसला. पाच हात."

मला वाटलं, कपडे वाळत घालायला. पण कपड्यांना बोटीचा दोर? एवढं मला गिऱ्हाईक ओळखता येतं. काही न विचारता दोर घेऊन गेलो. जिन्याच्या त्या वळणावर कठडा तुटलेला तिथे खिडकीच्या गजापासून खालच्या खांबापर्यंत ताणून बांधला. अशी गाठ मारली की हत्ती लटकला तरी सुटायची नाही.

आक्का रोज सकाळी नऊ पायऱ्या उतरायची, वळणापर्यंत. तिथे थांबायची. दोराला हात लावायची. पाय थरथरायला लागायचा. मग परत वर. रोज नऊ. दहावी कधी नाही. मी एकदा बघितलं, वळणावर उभी राहून ती त्या पायरीकडे बघत होती, जशी तोलात मारणाऱ्या व्यापाऱ्याकडे बघायची तशी.

चार दिवसांनी गेलो तर माझ्या दोरावर दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या तीन ओल्या चादरी! मी तापलो. "वहिनी, हे काय? हा दोर आमच्या आक्कासाठी बांधलाय!"

वरून आक्का ओरडली, "ऱ्हाऊ दे रं! मीच सांगलंय त्यांना. तीन वल्या चादरी पेलतोय का बघत व्हते. पेलला तं मना पेलंल!"

दुकानात माल तपासणारी गिऱ्हाइकं खूप बघितली. असं टेस्टिंग नाही बघितलं!

*

सुट्टी लागली. नितीन बायको-पोरीला घेऊन आला. पोरगी पीहू, चौथीतली, आगाऊ. आल्या आल्या आजीच्या मांडीवर मोबाइल ठेवला.

"आजी, मी पोपटीचे सगळे व्हिडिओ बघितले. त्यात बटर घालतात. वरून चीज पण!"

आक्काने मोबाइल उलटा करून बाजूला ठेवला. मग सुनेकडे वळून हळूच म्हणाली, "पोर आजारी व्हती का?"

*

आता माझी चूक. सांगतो, लपवत नाही.

भांबुर्डीचा पाला आमच्याकडे राहिला नाही असं मी आक्काला न विचारताच धरून चाललो. म्हणून अलिबागच्या एका ओळखीच्याला सांगून मी एसटीने पोतंभर पाला मागवला. खोपट डेपोत उतरवून घ्यायला गेलो तर कंडक्टर नाकाला रुमाल लावून उभा.

"हे तुमचं? पेणपासून गाडीत औषधाचा वास सुटलाय. काय आहे काय?"

"मसाला."

"कशाचा?"

"कोंबडीचा."

"मग कोंबडी कुठाय?"

"ती डोंबिवलीला वाट बघतेय!"

पोतं आक्काच्या घरी नेलं. पाला ताजा राहावा म्हणून पाणी मारून रात्रभर दाराबाहेर ठेवला. सकाळी दार उघडतो तर पोतं नाही! कचरा गोळा करणारी बाई आलेली. दाराबाहेर ओला पाला, तिने इमानदारीत ओल्या कचऱ्यात टाकला. गाडी निघून गेलेली.

त्यात तिचा काय दोष? ओला कचरा वेगळा ठेवा म्हणून आक्काच्या वतीने सोसायटीच्या मीटिंगला जाऊन भाषण मीच ठोकलेलं.

घरात सगळे जमलेले. शेंगा न सोलता धुऊन ठेवलेल्या. कोंबडीला मसाला लावून ठेवलेला. मडकं तयार. आणि पाला नाही.

नितीन म्हणाला, "केळीची पानं चालतील ना?"

आक्काने मडकं त्याच्यापासून लांब सरकवलं.

"मग आई, पुढच्या वर्षी करू. आमच्या गार्डनमध्ये." बोलला साधंच, पण अर्थ सगळ्यांना कळला. पैजेचं नाव कोणी काढलं नाही. काढायची गरज नव्हती.

*

आक्का खिडकीत जाऊन बसली. तीन महिने ती तिथेच बसत होती. दहा मिनिटांनी म्हणाली, "पान्याच्या टाकीमागं हाय."

"काय?"

"भांबुर्डी. टाकीमागं, जुन्या बांधावर. दिवालीपास्नं बघतंय. चांगली गुडघाभर वाढलीय. जावा, आना."

नितीन आणि मी पळालो. टाकीमागे गुडघाभर हिरवं रान. त्यात भांबुर्डी कुठली? मी दोरी ओळखतो, पाला नाही. दिसेल ते उपटलं, कवेत भरून खिडकीखाली उभा राहिलो.

वरून आक्का, "त्ये गाजरगवत हाय, टाक!"

नितीन दुसरं घेऊन तीन मजले चढून वर गेला. तेही नापास. पुन्हा खाली, पुन्हा वर. तिसऱ्या फेरीला जिन्यात बसला, धापा टाकत म्हणाला, "मामा, ह्या बिल्डिंगला लिफ्ट पाहिजे यार!"

वरून आवाज आला, "तुज्यासाठी टिटवाल्याला हाय ना!"

मग पीहूने डोकं लावलं. खाली जाऊन आजीला व्हिडिओ कॉल. एकेक झाड कॅमेऱ्यासमोर धरते. "आजी, हे? आजी, हे बघ ना, हे?"

आक्का मोबाइलला डोळे लावून बसलेली. शेवटी वैतागली. "अगं बाय, सगली सारखीच दिसतात. वास दाकव मना, वास!"

पीहूने खरंच पान मोबाइलवर चोळलं.

आक्काने फोन बाजूला ठेवला. पदर खोचला. काठी घेतली. "ऱ्हाऊ दे. मीच येतंय."

*

आम्ही सगळे जिन्यात. नऊ पायऱ्या झाल्या. वळण आलं. आक्का थांबली. पाय थरथरायला लागला, मला खालून दिसत होता. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी दारात येऊन उभ्या.

नितीन दोन पायऱ्या वर चढला, हात पुढे केला. खरंच मनापासून. आवाज पण बदललेला त्याचा. "आई, धर. पैज गेली खड्ड्यात. धर हात."

आक्काने त्याच्याकडे बघितलं. दोराकडे बघितलं.

"हात नको. त्या दोरावरचा टावेल काड, मना धरायला जागा नाय."

त्याने टॉवेल काढला. आक्काने दोर धरला. "उतरताना दुखरा आदी," पुटपुटली आणि दहावी पायरी उतरली.

पीहू मोजत होती. अकरा, बारा... पंचवीस... चाळीस. चोपन्नला सगळी बिल्डिंग ओरडली!

आक्का थांबली नाही. काठी टेकत सरळ टाकीमागे. एक पान तोडलं, तळव्यावर चुरगळलं, नाकाशी नेलं. टाकलं. दुसरं चुरगळलं. टाकलं. तिसरं नाकाशी धरून डोळे मिटले, मग तो तळवा नितीनच्या नाकाशी नेला. तो लहान असताना जसा वास घ्यायचा तसा त्याने घेतला. मग वाकून पाला तोडायला लागला.

दुपारी तीनला शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर मडकं उलटं बसलं, भोवती जाळ झाला. अर्ध्या तासाने आक्काने मडक्यावर पाण्याचा हबका मारला. चर्र झालं, पाणी जागच्या जागी सुकलं. "झाली!" म्हणाली. पीहूने तीन अंडी खाल्ली आणि चीजचं नाव काढलं नाही.

*

ऊन उतरायच्या आत आवरलं. आता प्रश्न वर जायचा. नितीन म्हणाला, "खुर्ची आणतो, आम्ही दोघं उचलून नेऊ."

"मी काय गनपती हाय?"

आणि निघाली. प्रत्येक पायरीला चांगला पाय आधी, मग नवा गुडघा, मग काठी. मजल्यामजल्यावर थांबत. वळणावर दोर धरला, सोडला. पीहू मागून मोजतेय, मी तिच्या मागे, घामाने माझाच सदरा भिजलेला. चोपन्न!

नितीनने पुढे होऊन दार उघडलं आणि बाजूला उभा राहिला.

आक्का दारापर्यंत आली. आत नाही गेली. वळली, गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याशी जाऊन उभी राहिली.

"आई, आता कुठे?"

आक्काने काठी माझ्या हातात दिली. उजवा पाय, नव्या गुडघ्याचा, आधी उचलला. गच्चीच्या पहिल्या पायरीवर ठेवला. डावा त्याच्या शेजारी आणला. दोन पायांवर नीट उभी राहिली आणि लेकाकडे बघून म्हणाली,

"ही माज्याकडनं!"