माचीवरच्या घराबद्दल लिहिलेला लेख

पनवेलच्या शाळेत मी भूगोल शिकवायचे. रविवारी पाठीवर पिशवी टाकून आसपासचे डोंगर चढायचे. कर्नाळा, माणिकगड, इर्शाळ, सगळं पाहून झालं. पण जीव जडला तो प्रबळगडाच्या माचीवर. तिथल्या ठाकरवाडीत माझ्याच वयाची एक बाई गडावर येणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून घालायची. आकाश स्वच्छ असलं की तिच्या अंगणातून पार न्हावा शेवा बंदरातल्या क्रेन दिसत. "एवढाल्या लोखंडी बोटी बुडत कशा नाय?" तिने एकदा विचारलं. मी शिक्षिकेच्या थाटात समजावलं. ती हसत म्हणाली, "नाय पटत, बाई."

त्या माचीबद्दल मी एका साप्ताहिकात लेख लिहिला. अंक नेऊन दिला तेव्हा तिने हात पदराला पुसून घेतला आणि फोटोतलं आपलं घर कितीतरी वेळ पाहत राहिली.

पुढच्या श्रावणात मी तिच्या नवऱ्याच्या मोबाईलवर फोन केला. "रविवारी आम्ही बाराजण येतोय. तिला म्हणावं, भाकऱ्या जास्त कर."

तो म्हणाला, "ती नाय आता, बाई."

गवत कापताना तिला फुरसं चावलं होतं. घोंगडीची झोळी करून चौघांनी तिला खाली न्यायला घेतलं. पाऊस, निसरडी वाट. गाडी पायथ्याला येऊन थांबली होती, पण तिथे पोचेपर्यंत ती गेली.

बाकीच्यांना नको म्हणून कळवलं आणि रविवारी मी एकटीच वर गेले. नवऱ्याने चहा केला. सासू दाराशी बसून होती. भिंतीवर माझा लेख प्लास्टिकमध्ये घालून लावला होता.

"घरात वाचणारं कोनी नाय," तो म्हणाला. "वाचून दावा ना. तिचं नाव हाय ना त्यात?"

मी वाचू लागले. करवीची रानं, कडे, धबधबे. मग आलं माझंच वाक्य: इथवर गाडी येत नाही, म्हणूनच हे गाव इतकं सुंदर राहिलं आहे. मी ते गाळलं. खाली तिच्याबद्दल एवढंच होतं, 'एका ठाकर बाईच्या हातची गरम भाकरी.' नाव नव्हतं. इतक्या वर्षांची ओळख, आणि लिहिताना मला नावाची गरज वाटली नव्हती.

मी कागदावरून नजर न हलवता तिचं नाव घेतलं. तिच्या हाताला चव आहे, तिचं हसणं अख्ख्या माचीवर ऐकू येतं, असं बरंच काही त्या कागदात नसलेलं वाचलं.

त्याने डोळे पुसले. म्हातारीकडे वळून मोठ्याने म्हणाला, "आये, ऐकलंस का?" मग माझ्याकडे पाहून, "तिला कमी ऐकू येतं. परत वाचा, बाई. तेवढंच."